शेहेचाळीसच्या जागेत साडेसत्तेचाळीस

ज्या सकाळी निरीक्षकांनी टूथपेस्ट समजून आईच्या गुडघ्यांचं मलम ब्रशवर घेतलं, त्याच सकाळी साडेदहाला त्यांना व्यापाऱ्यांच्या सभेत 'चोख माप' या विषयावर बोलायचं होतं. मलमाच्या नळीवर लिहिलं होतं की ते आधी गरम करतं आणि मग बधिर करतं. ते अक्षरशः खरं निघालं, त्यामुळे ग्राहक म्हणून तक्रार करायलाही जागा उरली नाही. निरीक्षक बोलायला उभे राहिले तेव्हा मलम दुसऱ्या टप्प्यात होतं. 'माप' हा शब्द 'बाब' असा बाहेर पडत होता आणि 'फसवणूक' तर बाहेरच पडत नव्हता. समोरच्या शंभरेक व्यापाऱ्यांनी ते सगळं गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलं. वजनमाप खात्याच्या निरीक्षकासमोर हसायचं नसतं, एवढं धंद्यात पडलेल्या कोणालाही कळतं. ते बाहेर जाऊन हसले. जिन्यात आवाज घुमतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर निरीक्षकांनी बूटसुद्धा न काढता बेसिनच्या काठाची पाहणी केली. पाहणी हा त्यांचा शब्द. साधा माणूस बघतो, निरीक्षक पाहणी करतात. काठावर टूथपेस्ट, मलम, पायांच्या भेगांची क्रीम आणि बायकोच्या शिवणयंत्राचं तेल अशा चार नळ्या एकाच उंचीच्या, एकाच जाडीच्या, गळ्यात गळे घालून उभ्या होत्या. खिडकीत खोकल्याच्या दोन बाटल्या होत्या आणि त्यातल्या एकीत खोकल्याचं औषध नव्हतं. कशाचं होतं, ते घरात कोणालाच सांगता आलं नाही.

"औषधांना एक कपाट हवं," निरीक्षकांनी जाहीर केलं. "आरशाचं. बेसिनच्या वर. प्रत्येक नळीला ठरलेली जागा."

"मला त्या काठावरचं नीट सापडतं," आई म्हणाली. "मी कधी टूथपेस्ट गुडघ्यांना लावलेली नाही."

यावर उत्तर नव्हतं, म्हणून ठराव मंजूर झाला असं निरीक्षकांनी धरलं.

आता कोणी म्हणेल की न्हाणीघरात एक कपाट लावायचं ते काय. दुकानात जायचं, आवडलं ते उचलायचं, चार खिळे ठोकायचे. पण ज्याला कामाची खरी आवड असते तो माणूस असं करत नाही. तो आधी चार लोकांना विचारतो. निरीक्षकांनीही विचारलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, कपाटाला आरसा नको. सकाळी उठल्या उठल्या माणसाला स्वतःचं तोंड दिसलं की त्याचा दिवसावरचा विश्वास उडतो. समोरच्या घरातल्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, लाकडी घ्या, पत्र्याच्या कपाटानं न्हाणीघरातला आवाज चिरका होतो. कोपऱ्यावरचा औषधवाला तर म्हणाला, "साहेब, न्हाणीघरात औषधं ठेवूच नयेत. दमटपणानं गोळ्या मऊ पडतात." निरीक्षकांनी ते शांतपणे ऐकलं आणि सोडून दिलं. सल्ला पुरेसा लवकर आला नाही की तो सल्ला राहत नाही, अडथळा होतो. तोवर त्यांनी वहीत रकाने आखले होते. लांबी, रुंदी, खोली, फळ्या, कुलूप, शेरा.

जागा ठरलेली होती. बेसिनच्या वर, डावीकडे भिंत आणि उजवीकडे पाण्याच्या पाइपांवरून बांधून काढलेला चौकोनी खांब. या दोहोंच्या मध्ये कपाट बसलं की असं बसेल, जणू भिंतीबरोबरच जन्माला आलं. निरीक्षकांच्या कचेरीच्या पिशवीत खात्याची, शिक्का मारलेली, वर्षातून एकदा तपासली जाणारी स्टीलची टेप होती. पण ती सरकारी. सरकारी टेपनं घरचं न्हाणीघर मोजायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता, आणि वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कचेरीची टाचणीही घरी आणली नव्हती. म्हणून त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राच्या खणातली कापडी टेप घेतली. एका माणसाच्या सचोटीनं त्याचा केवढा घात करावा याला काही मर्यादा असते. पण ती पुढे आलीच नाही.

त्यांनी जागा तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस. सेंटिमीटर अर्थात. तीन वेळा सारखंच माप येणं याला त्यांच्या खात्यात फार मान आहे. अर्धा सेंटिमीटर हवा खेळायला सोडून त्यांनी वहीत लिहिलं, साडेसत्तेचाळीस.

कपाट मिळणार होतं ते बाजारातल्या नळ-बेसिनवाल्या दुकानदाराकडे. या दुकानदाराची आणि निरीक्षकांची जुनी ओळख होती. दोन वर्षांपूर्वी वायर मोजायची त्याची पितळी मीटरपट्टी एका टोकाला दोन मिलिमीटर झिजलेली आढळली होती. दुकानदार हात जोडून म्हणाला होता, "साहेब, वडिलांच्या वेळची आहे, हाताळून हाताळून झिजली." निरीक्षक म्हणाले होते, "वडील तुमचे, पण मीटर सगळ्यांचा." हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं होतं की ते नंतर दोन सभांत त्यांनी वापरलं. पट्टी जप्त झाली, दंड झाला.

त्या दुकानदारानं आता निरीक्षकांना पाहिलं आणि गल्ल्यावरून उठून उभाच राहिला. स्टूल पुसलं. गार पाणी मागवलं. कपाट कुठलं हवं हे ऐकून घेतलं आणि अतिशय अदबीनं एक कोरा कागद पुढे सरकवला.

"तेवढं माप आपल्या हातानं लिहून द्या साहेब. आणि खाली सही. आमच्यासारख्यांच्या मापाचा काय भरवसा?"

निरीक्षकांना बरं वाटलं. आपण केलेल्या कारवाईनं एक व्यापारी शिस्तीला लागला, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी लिहिलं, 'रुंदी साडेसत्तेचाळीस, मी स्वतः मोजली आहे', आणि वळणदार सही केली. 'मी स्वतः मोजली आहे' हे शब्द कोणी मागितले नव्हते.

कपाट आलं. पांढरं, तीन फळ्यांचं, समोर आरसा. सुतारानं ते उचललं, भिंत आणि खांब यांच्या मध्ये नेलं, आणि ते तिथे टेकलं. टेकलंच फक्त. आत जाईना. सुतारानं एक बाजू आधी घातली, मग दुसरी बाजू आधी घातली, मग कपाट उलटं केलं, जणू उलटं केलेलं कपाट अरुंद होतं. शेवटी त्यानं तोंडातले स्क्रू हातात काढले आणि म्हणाला, "साहेब, नाकापेक्षा मोती जड झालाय."

"दुकानदारानं मोठं दिलं," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा समाधानच जास्त होतं. त्यांनी कापडी टेप काढली आणि कपाटाला लावली. साडेएकोणपन्नास! सुतारालाच साक्षीदार करून त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला. दोन सेंटिमीटरची तफावत, तीही दंड झालेल्या दुकानदाराकडून, तीही खुद्द निरीक्षकाच्या बाबतीत. त्यांच्या डोळ्यांसमोर फाइल उभी राहिली.

बायको दाराशी येऊन हे बघत होती. ती म्हणाली, "त्यातून दोन वजा केले का?"

"कशातून?"

"जे येतं त्यातून. ती टेप दोनपासून सुरू होते ना. पुढचं टोक विरलं होतं, म्हणून कापलं मी. मागेच. मी मोजते आणि दोन वजा करते. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत आहे," आतल्या खोलीतून आई म्हणाली.

निरीक्षकांनी टेपचं टोक डोळ्यांजवळ आणलं. तिथे स्वच्छ, ठळक, काळ्या शाईत 'दोन'चा आकडा होता. त्याच्या अलीकडे काहीच नव्हतं. म्हणजे कपाट साडेसत्तेचाळीस होतं, अगदी लिहून दिल्याप्रमाणे. आणि जागा शेहेचाळीस होती. सुतारानं दुसरीकडे बघितलं. भला माणूस होता. पण तो दिवसाला चार घरी जायचा.

कपाट बैठकीच्या खोलीत कोचावर टेकवून ठेवलं गेलं. त्यामुळे निरीक्षक पेपर वाचायला समोरच्या खुर्चीत बसले की त्यांना पेपराच्या वर स्वतःचं कपाळ दिसू लागलं. ते दोन दिवस त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मार्ग शोधला. कपाट लहान करता येत नाही, पण जागा मोठी करता येते. खांबावरच्या टाइल्स काढून आतला गिलावा दीड सेंटिमीटर घासायचा. दुकानदाराकडे कपाट बदलायला जाण्यापेक्षा इमारत घासणं त्यांना सोपं वाटलं. मानी माणसाचा हिशेब असाच असतो.

पण खांबात सगळ्या इमारतीचे पाइप, म्हणून इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी हे दिवसभर एका विमा कचेरीत वरिष्ठांपुढे मान डोलवत आणि संध्याकाळी सात ते आठ इमारतीवर राज्य करत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सोबत नकाशा लागेल. मापांसकट. आणि मापं कोणा जाणकारानं प्रमाणित केलेली हवीत."

"मी वजनमाप निरीक्षक आहे," निरीक्षक म्हणाले.

"हो, पण तुम्ही अर्जदार आहात. शिवाय इथे कारण लिहिलंय 'मोजणीतील किरकोळ फरकामुळे'. मोजणी कोणाची?"

व्यापाऱ्यांना नेमका हाच प्रश्न निरीक्षक याच आवाजात विचारत आले होते. तो ऐकायला इतका वाईट वाटतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अर्जावर शेजाऱ्याची ना-हरकतही लागत होती. मुख्याध्यापकांनी ती आनंदानं दिली. मात्र सही करण्याआधी त्यांनी लाल पेननं तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि समासात 'मुद्दा स्पष्ट करा' असं लिहिलं. तो अर्ज पुन्हा लिहावा लागला. पुन्हा लिहिलेल्या अर्जावर सेक्रेटरी म्हणाले, विषय समितीपुढे जाईल. समिती महिन्यातून एकदा बसे, आणि बसली की आधी पार्किंगवर भांडे.

मधल्या काळात बातमी बाजारात पोचली. सुतारानं पोचवली की सेक्रेटरींनी, हे कळायला मार्ग नव्हता. निरीक्षक एका कापडदुकानात तपासणीला गेले. त्यांनी मीटरपट्टी मागितली, दुकानदारानं ती दोन्ही हातांवर आडवी ठेवून पुढे केली आणि नम्रपणे म्हणाला, "एकपासून सुरू होते साहेब. म्हणजे शून्यापासूनच. तुम्ही बघून घ्या." मागे थान गुंडाळणारा नोकर एकदम खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. किराणावाल्याकडे वजनं तपासताना कोणीतरी शिंकल्यासारखं "वजा दोन!" म्हणालं. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो दिवा घेऊन हिंडायची पाळी निरीक्षकांवर आली.

आणि मग कचेरीत पत्र आलं. खाली सहीच्या जागी 'एक हितचिंतक'. मजकूर असा होता की निरीक्षकांच्या स्वतःच्या घरात एक अप्रमाणित, टोक कापलेलं माप असून ते धंद्यासाठी सर्रास वापरात आहे.

उपनियंत्रकांनी, म्हणजे निरीक्षकांच्या साहेबांनी, पत्र टेबलावर ठेवून विचारलं, "धंदा म्हणजे काय?"

"बायको शिवणकाम करते," निरीक्षक म्हणाले. "ओळखीच्यांचं. पडदे, अभ्रे, मुलांचे कपडे."

"पैसे घेते?"

निरीक्षकांनी वीस वर्षांत खोटं सांगितलं नव्हतं आणि नेमकं आता सुरू करायला त्यांना जमेना. "घेते."

"असो. निनावी पत्र आहे, फाडून टाकलं तरी चालेल," उपनियंत्रक म्हणाले. ते निवृत्तीला आलेले होते आणि त्यांना शांतता आवडत असे. "काय करू?"

इथे शंभरातल्या नव्व्याण्णव नवऱ्यांनी जे केलं असतं ते निरीक्षकांनी केलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांना त्या क्षणी पितळी मीटरपट्टी आठवली, वडिलांच्या वेळची. ते म्हणाले, "नको साहेब. रीतसर होऊ द्या. मीच करतो."

त्या संध्याकाळी निरीक्षक मुख्याध्यापक आणि गाण्याच्या बाई यांना पंच म्हणून घेऊन स्वतःच्या घराची घंटी वाजवून आत आले. एरवी त्यांच्याकडे किल्ली असे.

बायको यंत्रावर होती. तिच्याभोवती पांढऱ्या मऊ कापडाचा ढीग पडला होता. गाण्याच्या बाईंनी बसवलेल्या शाळेच्या नाटकासाठी बावीस ससे, म्हणजे बावीस मुलांचे सशांचे पोशाख, शिवायचे होते, आणि शनिवारी नाटक होतं. नऊ ससे झाले होते. त्यांचे कान खुर्चीच्या पाठीवर ओळीनं लोंबत होते.

"चहा ठेवू का?" तिनं पाहुण्यांना विचारलं.

"आधी टेप दे," निरीक्षक म्हणाले, आणि मग घसा साफ करून, "म्हणजे, सदर टेप हजर कर."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, पंचांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या लाखेच्या कांडीकडे बघितलं. "अहो, तुम्ही माझी टेप जप्त करताय?"

"कायदा—"

"माझ्या टेपनं आजवर एकाचा तरी सदरा आखूड झाला का? एक तरी पडदा जमिनीला लोळला का? विचारा या बाईंना!"

"माझा ब्लाउज तर काखेत अगदी बेताचा बसतो," बाई घाईनं म्हणाल्या, आणि आपण पंच आहोत हे आठवून गप्प झाल्या.

"प्रश्न परिणामाचा नाही, मापाचा आहे," निरीक्षक म्हणाले. "आणि त्या टेपमुळे कपाट—"

"टेपमुळे?" एवढंच ती म्हणाली. हळू आवाजात. मग तिनं टेप गळ्यातून काढली, नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. "घ्या, निरीक्षक साहेब."

आख्खं गाव त्यांना निरीक्षक साहेब म्हणत असे. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तिनं एकदाही म्हटलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी पंचनामा वाचला, एक वेलांटी सुधारली आणि सही केली. टेप कापडी पाकिटात गेली, दोरा बांधला, लाख वितळली, शिक्का बसला. आई हे सगळं दारातून बघत होती. ती म्हणाली, "तुझे वडील असते तर त्यांनी तुला यात बांधला असता."

पुढचे दिवस घरात फार शिस्तीचे गेले. बायको लागेल तेवढंच बोले आणि ते कचेरीच्या भाषेत बोले. "जेवण तयार आहे, अवलोकनार्थ." "दूध आणणे बाबत." तिनं नवी टेप आणली नाही. "नवी आणली म्हणजे जुनी खोटी होती हे कबूल केल्यासारखं होईल," असं ती सासूला म्हणाली, आणि एरवी भाजी किती चिरावी यावरही एकमत नसलेल्या त्या दोघींचं यावर पूर्ण एकमत झालं. उरलेले तेरा ससे ती वितीनं आणि बोटांनी मोजून शिवू लागली. निरीक्षक बाजूनं गेले की हात पसरून दाखवी. "वीत आहे. जप्त करणार?" पण वितीचं काम हळू चालतं, दहाव्या सशाचं पोटच ठरेना. बाई रोज येऊन ढिगाकडे आणि कॅलेंडरकडे आळीपाळीनं बघत आणि जाताना निरीक्षकांकडे असं बघत की बावीस मुलांचं भवितव्य त्यांनीच पाकिटात बंद केलं आहे.

कोचावरच्या आरशात निरीक्षकांना आता कपाळाबरोबर मागे यंत्रावर वाकलेली बायकोही दिसे. दोघंही एका चौकटीत, एकमेकांकडे पाठ करून. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. मग पेपरावर उजेड येईना.

गुरुवारी उपनियंत्रकांनी त्यांना बोलावलं. फाइल उघडी होती, सीलबंद पाकीट वर होतं.

"मी वाचलं सगळं," ते म्हणाले. "तुमची पत्नी मोबदला कशाचा घेते? सेंटिमीटरचा?"

"नाही. नगाचा. एक फ्रॉक, एक पडदा."

"म्हणजे ती मापानं काही विकत नाही. गिऱ्हाइकाला अंगात बसणारा फ्रॉक हवा असतो, तो मिळतो. तक्रार एकाचीही नाही. केस होत नाही, निरीक्षक. तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं."

"माहीत होतं," निरीक्षक म्हणाले, आणि स्वतःच चमकले. "म्हणजे, लक्षात आलं असतं. मी शोधलं नाही."

उपनियंत्रकांनी चष्मा काढला. "तुम्ही बायकोवर कारवाई केलीत, हे खात्याला भूषणावह आहे की नाही यावर मी मत देत नाही. पण मला एक सांगा. त्या टेपवर सुरुवातीला दोनचा आकडा होता?"

"हो."

"पुसट?"

"नाही. ठळक."

"मग तुम्ही नव्या लोकांना पहिल्या दिवशी काय शिकवता?"

निरीक्षकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. या वेळी मलमबिलम काही नव्हतं, तरीही शब्द यायला वेळ लागला. "कुठलंही माप हातात घेतलं की आधी शून्य कुठे आहे ते बघा."

"पाकीट घरी घेऊन जा," उपनियंत्रक म्हणाले. "पोच द्या मला."

ते घरी गेले, पण पाकीट खिशातून काढलं नाही. आधी त्यांनी हातगाडीवाला बोलावला, कोचावरचं कपाट खाली उतरवलं आणि गाडीमागून चालत बाजारात गेले. आरसा आकाशाकडे होता, त्यामुळे गाडी जाईल तिथे दुकानांच्या छतांवर उजेडाचा तुकडा नाचत चालला होता, आणि कोण येतंय हे बघायला सगळे बाहेर आले.

नळ-बेसिनवाल्यानं स्टूल पुसलं, पण बसायला सांगितलं नाही. गल्ल्यावरच्या काचेखाली निरीक्षकांचा कागद होता. साडेसत्तेचाळीस, मी स्वतः मोजली आहे, वळणदार सही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो वाचता यावा असा सुलटा लावला होता.

"बदलून हवंय," निरीक्षक म्हणाले. "पंचेचाळीसचं."

"का नाही साहेब! फक्त या वहीत कारण लिहायचं असतं." दुकानदारानं वही उघडली आणि आवाज थोडा खाली आणला. त्याच्यातला दुष्टपणा संपत आला होता बहुधा, किंवा हातगाडी बघून त्याला दया आली असेल. "फार विचार करू नका. लिहा, 'घरच्यांनी चुकीचं माप दिलं.' सगळे पुरुष तेच लिहितात. हे बघा. हे बघा. हे तर आमचे डॉक्टर."

खरंच पानभर तेच होतं. दुकानात सात-आठ माणसं होती आणि त्यातलं एकही काही विकत घेत नव्हतं. निरीक्षकांनी पेन घेतलं. वहीवर वाकून त्यांनी काय लिहिलं ते कोणाला दिसलं नाही, म्हणून दुकानदारानं ते मोठ्यानं वाचलं. म्हणजे वाचायला लागला मोठ्यानं, आणि संपवलं हळू.

"'माप घेणाऱ्याची चूक. टेप बरोबर होती. माप मी घेतलं.'"

त्यानं ते पुन्हा एकदा मनाशी वाचलं. मग गल्ल्याची काच उचलून आतला कागद बाहेर काढला, चार घड्या घातल्या आणि निरीक्षकांच्या खिशात ठेवला. "पंचेचाळीसचं काढ रे आतून," तो मागच्या माणसाला म्हणाला, "आणि नीट मोजून दे." मग जीभ चावून म्हणाला, "साहेब, तसं नव्हतं म्हणायचं."

हातगाडी सावकाश चालते आणि दुकानदारांच्या बायका फोन भराभर करतात. त्यामुळे निरीक्षक घरी पोचले तेव्हा त्यांना सांगायचं होतं ते सगळं घरात आधीच कळलेलं होतं. त्यांनी सीलबंद पाकीट बायकोपुढे ठेवलं. पोचपावतीही ठेवली, पण जरा बाजूला, नाही दिसली तरी चालेल अशी. बायकोनं कात्रीनं दोरा कापला, लाख तोडली, टेप काढून गळ्यात घातली आणि दहाव्या सशाच्या पोटाचं माप कापडावर आखलं. ओठ हलले. दोन वजा केले असावेत. मग तिनं ढिगातून एक कान उचलून त्यांच्याकडे फेकला.

"कापूस भरा," ती म्हणाली. "घट्ट नको. आणि दोन्ही सारखेच भरा, नाहीतर ससा एका बाजूला बघतो."

निरीक्षकांनी कोचावर, कपाट हलल्यानं मोकळ्या झालेल्या जागेत बसून सव्वीस कान भरले. समितीकडचा अर्ज त्यांनी मागे घेतला. सेक्रेटरी म्हणाले की मागे घ्यायलाही अर्ज लागतो, तोही त्यांनी केला. शनिवारी बावीस ससे रंगमंचावर आले आणि गाण्याच्या बाई म्हणतात की एकाचाही कान पडला नाही. मुख्याध्यापकांना तिसऱ्या रांगेतला ससा उच्चारात चुकल्यासारखा वाटला, पण तो प्रश्न वेगळा.

रविवारी सुतार आला. पंचेचाळीसचं कपाट शेहेचाळीसच्या जागेत अलगद गेलं. निरीक्षकांनी पाणसळ लावून घेतली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला, इकडे नाही की तिकडे नाही. सुतारानं स्क्रू आवळले, हात धुतले आणि गेला. निरीक्षक बराच वेळ ते बघत उभे राहिले. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की या इमारतीत एवढी सरळ दुसरी वस्तू नाही.

मागून बायको आली. ओले हात पदराला पुसत तिनं मान आधी या बाजूला केली, मग त्या बाजूला.

"अहो," ती म्हणाली, "जरा तिरकं वाटतंय का हो? उजवीकडून उतरतंय."

निरीक्षकांचा हात पाणसळीकडे गेला. बुडबुडा अजून मध्येच होता. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पाणसळ खिडकीत पालथी ठेवली.

"हो," ते म्हणाले, "उतरतंय खरं." आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाटाची उजवी बाजू तिला बरी वाटेपर्यंत वर उचलली.

ते अजून तसंच आहे. त्या घरात दाढी करणारा माणूस मान थोडी डावीकडे कलती धरतो, आणि आलेल्या पाहुण्यालाही दुसऱ्या दिवशी ती सवय होते.